पुस्तक कपाटात ठेव, मग मालिका लाव

काल गंगापूर रोडला मिसळ खाताना तू 'डर्क जेंटली' मालिकेवर कुरकुरत होतास, "अरे, पुस्तकातलं काहीच नाही यात!" बरोबरच आहे. डग्लस ॲडम्सची डर्क जेंटली या खासगी गुप्तहेरावरची पहिली कादंबरी १९८७ ची, इंग्लंडात घडणारी. जिन्यात अडकलेला सोफा, न्हाणीघरात घोडा. २०१६ ची मालिका थेट अमेरिकेत, सिएटलमध्ये. डर्क ज्याच्या गळ्यात पडतो तो टॉड हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलतो. घोडा गेला, कॉर्गी कुत्रा आला. उरला तो डर्कचा एकच हट्ट: जगातलं सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. तेवढा धागा धर.

मी पहिल्यांदा पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बघायला बसलो होतो, हातात पेन्सिल! दोन रात्री फुकट. तू तसं करू नकोस. पहिल्या सीझनचे आठच भाग आहेत. पहिल्या तीनांत डोकं भंजाळेल, भंजाळू दे. मध्येच थांबवून नेटवर अर्थ शोधायचा नाही. गाठी पुढे आपोआप सुटतात, आणि त्या सुटताना बघण्यातच तर गंमत आहे.

आणि हो, बार्ट (मालिकेतली मारेकरी बाई) पडद्यावर असताना चहा गॅसवर ठेवू नकोस. माझा दोनदा उतू गेलाय.