चीनमध्ये इंग्रजी शिकवायला निघालात, तर माझं थोडं ऐका

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना. नाशिकची शाळेतली नोकरी सोडून चीनमध्ये हायस्कूलच्या मुलांना इंग्रजी शिकवायला जावं का, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा बरोबर न्यायचाय, असं विचारलंत. पगार, घरभाडं सगळीकडे लिहिलेलं आहे, ते सोडते. मी हेबेई प्रांतात, शिजियाझुआंगच्या एका हायस्कूलमध्ये ओरल इंग्लिश शिकवते.

आधी कागदपत्रं, कारण तो राग अजून गेलेला नाही. नोव्हेंबर 2023 पासून चीनमध्ये अपॉस्टिल चालतं, म्हणजे कागदावर आपल्याच देशाचा एक शिक्का पुरतो, वकिलातीत जावं लागत नाही, त्यामुळे सगळे म्हणतील आता सोपं झालंय. आपल्याला नाही झालं. भारत आणि चीनमध्ये ते लागूच नाही, त्यामुळे डिग्री, लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला सगळ्यावर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी वकिलात. मुलीच्या जन्मदाखल्यावर माझं नाव माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं, एवढ्यावरून आमची अख्खी फाइल परत आली होती. तुमचं नाव आत्ताच तपासून घ्या. आणि एजंट म्हणाला की एम व्हिसावर, म्हणजे व्यापाराच्या व्हिसावर या, तिकडे गेल्यावर बदलून देऊ, तर सरळ नाही म्हणा. कामासाठी झेड व्हिसाच लागतो, आणि भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवायचं परमिट सहजासहजी मिळत नाही. माझी एमए ब्रिटनमधली होती म्हणून जमलं. इथले बरेच भारतीय गणित-फिजिक्स शिकवतात ते त्यामुळेच.

आता मुलं. एका वर्गात पन्नासच्या आसपास, आणि प्रत्येक वर्गाला आठवड्यातून माझा एकच तास, म्हणजे शेकडो मुलं आणि नावं लक्षात राहत नाहीत, ते मला फार लागतं. बाकांवर पुस्तकांचे ढीग इतके उंच की मागच्या मुलांचे फक्त केस दिसतात. सकाळी उजाडायच्या आत शाळेत येतात, रात्री दहापर्यंत सेल्फ स्टडी, दुपारी बाकावर डोकं टेकून झोपतात. जूनमधल्या गाओकाओत, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत, इंग्रजीला 150 मार्क, पण आमच्या प्रांतात बोलण्याचे त्यात धरत नाहीत, त्यामुळे शेवटच्या वर्षी माझा तास गणिताला जातो आणि मला ते कुणी आधी सांगतही नाही. पहिल्या दिवशी प्रश्न विचारलात तर वर्ग गप्प बसेल. येत नाही म्हणून नाही, सगळ्यांसमोर चुकायचं नाही म्हणून. मी आधी चिठ्ठीवर लिहायला देते, मग शेजाऱ्याला वाचून दाखवायचं, मग कागद उलटा ठेवून तेच बोलायचं. एक मुलगा वर्षभर तोंड उघडत नव्हता, त्याने चिठ्ठीवर लिहिलं की माझे आईबाबा शेनझेनला कारखान्यात आहेत, नववर्षालाच भेटतात, मी आजीकडे वाढलो. व्याकरणाची एकही चूक नव्हती. ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय. या मुलांसाठी नक्की या, हे मी मनापासून सांगते.

जपानशी झालेल्या युद्धात चिनी सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. कोटणीसांची समाधी याच शहरात आहे. माझं माहेर सोलापूर, त्यांचंच गाव, हे कळल्यावर एका वयस्कर शिक्षकांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पण तुमच्या मुलाच्या शाळेचं काय? आमच्या शाळेने फोनवर सांगितलं की शिक्षकांच्या मुलांची सोय होते, आल्यावर म्हणाले ती फक्त स्थानिकांची. मग लेकीला जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत घातलं. होमवर्क रात्री पालकांच्या वीचॅट (इथलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) ग्रुपवर यायचा, मी अ‍ॅपने भाषांतर करत बसायची. ती शिकली, अगदी भराभर शिकली. पण वर्गातल्या सगळ्यांना लाल स्कार्फ मिळाला, तो इथल्या पक्षाच्या बालसंघटनेचा असतो, तिला परदेशी म्हणून नाही. दर सोमवारी झेंड्यासमोर पूर्ण रांगेत ती एकटी बिनस्कार्फची. तिने एकदाच विचारलं, परत कधी नाही. पाचवीला नवरा तिला घेऊन पुण्याला गेला, आता ती मराठी वाचताना जोडाक्षरांपाशी अडते आणि मी इथे लोकांच्या सोळा वर्षांच्या मुलांना बोलतं करते. बरोबर केलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

एकटेपणा म्हणाल तर होतो, आणि सवयही होते. अडचण फोनची जास्त. व्हॉट्सअ‍ॅप इथे बंद, वीचॅट 2020 पासून भारतात बंद, त्यामुळे आईला कॉल लावायचा म्हणजे आधी व्हीपीएनच्या, म्हणजे बंद अ‍ॅप उघडून देणाऱ्या अ‍ॅपच्या मागे लागायचं. ते निघण्याआधी फोनमध्ये टाकून घ्या, इथे आल्यावर सहजासहजी डाउनलोड होत नाही.

करारात मुलाची शाळा कोणती, फी कोण भरणार, हे चिनी आणि इंग्रजी दोन्हीत लिहून घ्या, फोनवरचं धरू नका. ऑफर लेटर आलं की परमिट कोणत्या पदाचं लिहिलंय ते मला कळवा, मी बघून सांगते.