सही करण्याआधी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

महिला राखीव जागेवरून तू सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर निवडून आलीस, हलग्या वाजल्या, गुलाल उधळला, सगळं कळलं. फार आनंद झाला. पण तुझ्या वडिलांनी फोनवर सांगितलेलं एक वाक्य डोक्यातून जाईना. पॅनेलप्रमुख म्हणाले म्हणे, "ताईंनी फक्त मीटिंगला यायचं, बाकीचं आम्ही बघतो." म्हणून हे पत्र. सहकारातल्या संस्थांची दप्तरं तपासण्यातच माझी नोकरी गेली. त्यातून जे उमगलं ते तुला सांगितलंच पाहिजे.

बाकीचं ते बघतील, पण सही तुझी असेल. उद्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 83 खाली चौकशी लागली आणि कलम 88 खाली जबाबदारी निश्चित करायची वेळ आली, तर चौकशी अधिकारी ठरावाखालच्या सह्या बघतो. ठराव कोणाच्या डोक्यातून निघाला हे त्याला कागदावर दिसत नाही. "मला काही माहीत नव्हतं" म्हणणारे संचालक मी पाहिलेत. वसुलीची नोटीस त्यांच्याही घरी गेली. पटलं नाही तर विरोध कर, आणि तो इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घे. तोंडी विरोधाला काही किंमत नाही.

तू मागे विचारलं होतंस, ही माणसं तीस-तीस वर्षं खुर्ची का सोडत नाहीत? पैशाची हाव, मानपान, लाल दिव्याची सवय, हे सगळं आहेच. पण माझ्या मते खरं कारण भीती आहे. खुर्ची सोडली की नवा माणूस कपाट उघडतो, आणि कपाटात जुना हिशेब असतो. म्हणून स्वतःला जमेनासं झालं की मुलगा येतो, मग सून, मग पुतण्या. घराण्याचा अभिमान वगैरे भाषणापुरता असतो. दप्तर घराबाहेर जाऊ नये, एवढीच धडपड असते.

आपल्याकडे सुरुवात अशी नव्हती. 1950 साली लोणीत प्रवरेचा कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं होतं. हवं असतं तर पहिलं अध्यक्षपद त्यांचंच होतं. पण त्या खुर्चीवर बसवलं ते पुण्याच्या अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना, आणि विठ्ठलराव स्वतः त्यांच्या हाताखाली काम शिकले. मला ही गोष्ट साखरेच्या पहिल्या पोत्याहूनही मोठी वाटते.

आता कायदाही या रोगावर औषध शोधतोय, पण हात आखडून. सहकारी बँकांच्या संचालकांना सलग आठ वर्षांची मर्यादा घातली होती. 2025 मध्ये तिची दहा वर्षं केली, आणि अध्यक्ष व पूर्णवेळ संचालक त्यातून बाहेरच ठेवले. जिथं मर्यादेची सर्वांत जास्त गरज, तिथंच दार उघडं. कारखान्यात मंडळाची मुदत पाच वर्षांची, पण पॅनेलचं नाव बदलून तीच घरं पुन्हा येतात, हे तू गावात बघतेच आहेस.

"कारखान्याचं कर्ज हा आपला घरचा मामला आहे," असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. सरकारचं भागभांडवल असतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे थकहमी. कारखान्याने हप्ते बुडवले की बँक सरकारकडे बोट दाखवते आणि पैसे तिजोरीतून जातात. मेळघाटातला माणूस साबणाच्या वडीवर कर भरतो, त्याने आयुष्यात उसाचं कांडं लावलेलं नसतं, पण त्याचाही पैसा त्यात जातो. हमी कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, याची चर्चा ताळेबंदावरून व्हायला हवी. आपल्याकडे ती चेअरमन कोणत्या बाजूला गेले यावरून होते. 2011 साली राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. पुढे वर्षानुवर्षं वाद चालला तो कारखान्यांना दिलेल्या कर्जांवरून आणि थकलेले कारखाने कोणत्या भावाने विकले यावरून. कर्ज मागणारा आणि मंजूर करणारा एकाच पक्षाच्या बैठकीत शेजारी बसत असेल, तर नाही म्हणणार कोण?

वार्षिक सभा तू पाहिली आहेस. सप्टेंबरचा उकाडा, मांडव, पुढच्या रांगांत सकाळपासून बसवलेली माणसं. विषय वाचून पुरा होण्याआधीच "मंजूर, मंजूर" सुरू होतं. मागून एखादा म्हातारा एफआरपीबद्दल, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दराबद्दल, विचारायला उठतो आणि माईक बंद पडतो. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. ते व्याज सहजी हातावर टेकवणारा कारखाना मला तरी भेटलेला नाही. यंदा तू व्यासपीठावर असशील. त्या म्हाताऱ्याला बोलू द्या, एवढं तरी माईकवरून म्हण.

अहवाल हातात आला की फोटोंची पानं उलटून सरळ येणे बाकीवर जा. ऊसतोडणी-वाहतुकीसाठी आगाऊ दिलेल्या उचलींची यादी माग. नाव, ट्रॅक्टरचा नंबर, दिलेली उचल आणि हंगामात त्याने ओढलेला ऊस किती टन, एवढे चारच रकाने. मजूर आणणारा मुकादम पैसे घेऊन पळाला, ऊसतोड टोळीच आली नाही, असंही होतं. बिचारा वाहनमालक त्यात बुडतो. पण उचल काही लाखांची, टनेज शून्य, आणि तेच नाव तिसऱ्या वर्षीही यादीत, असं दिसलं तर तिथं थांब. तो माणूस आहे का, त्याचा ट्रॅक्टर आहे का, हे विचार. मी पाहिलेल्या बऱ्याच गैरव्यवहारांचा धागा अशाच यादीत सापडला. मग लेखापरीक्षणाचा दोष दुरुस्ती अहवाल बघ. तेच दोष, तेच "पूर्तता करण्यात येत आहे", साल फक्त बदललेलं, असं असेल तर मंडळात मोठ्याने वाच. संचालक म्हणून दप्तर बघायला तुला कोणाची परवानगी लागत नाही. साध्या सभासदालाही कलम 32 ने ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं बघण्याचा हक्क दिलाय. तुझ्या गटातल्या चार पोरांना तेवढं शिकव, तू नसलीस तरी ते विचारत राहतील.

आणि स्वतःबद्दल. लोक तुला चांगलं म्हणू लागतील, कामं होतील, मग "ताईंशिवाय चालायचं नाही" असं कोणीतरी म्हणेल. तो बोल गोड लागतो आणि तिथूनच घसरण सुरू होते. किती वर्षं राहायचं ते आजच ठरव आणि घरात, गावात चारचौघांसमोर सांगून टाक. पुढची बाई आतापासून शोध. तिला विषयपत्रिका वाचायला दे.

पहिल्या सभेची नोटीस आली की विषयपत्रिकेचा फोटो पाठव. कर्जाचा किंवा खरेदीचा विषय शेवटी "ऐनवेळचे विषय" म्हणून आणला आणि टिपणी हातात दिली नाही, तर सही करू नकोस. टिपणीसह पुढच्या सभेत घ्या असं सांग आणि तेवढं वाक्य इतिवृत्तात लिहून घे. चिटणीस टाळाटाळ करेल. तू तिथेच बसून राहा, लिहून होईपर्यंत.

तुझा,
काका