डब्ल्यू १२४ च्या बॉनेटचं अस्तर: खरं काम जुना गोंद काढण्याचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९५ ची मर्सिडीज ई २२० (डब्ल्यू १२४ हे त्या मालिकेचं कंपनीतलं नाव), बॉनेट उघडलं की त्याच्या आतून चिकटवलेल्या अस्तराचा काळा भुगा इंजिनावर सांडतो. गॅरेजवाला म्हणतो, सगळं ओरबाडून काढू आणि वर डांबरी शीट मारू, अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्हाला ते पटत नाहीये. पटू देऊ नका. तुमची गाडी पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) कारखान्यात जुळणी झालेल्या पहिल्या मर्सिडीजपैकी आहे, आणि अशा गाडीच्या बॉनेटखाली घाईचं काम होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी भुगा का होतो ते सांगतो. मूळ अस्तर पॉलियुरेथेन फोमचं. इंजिनाची धग आणि हवेतला दमटपणा यांनी वर्षानुवर्षांत या फोमची रासायनिक साखळीच तुटत जाते. वरून धड दिसणारा भागही बोट लावलं की खचतो, म्हणून ठिगळ लावण्यात अर्थ नाही. हा भुगा नुसता घाण करत नाही. तो काचेखालच्या पन्हळीत साचतो, पाणी निघून जाण्याची भोकं बुजवतो, आणि पावसात तेच पाणी वाट काढत पायाखालच्या गालिच्यापर्यंत येतं. ब्लोअरमध्ये गेला तर एसीच्या झडपांतून काळे कण उडतात. तेल प्यायलेला फोम पेट घेतो, ते वेगळंच.

अस्तराशिवाय गाडी चालते का? चालते. पण बॉनेटच्या रंगाला रोज धग बसते आणि इंजिनाची खरखर आत ऐकू येते. डांबरी शीट हा त्यावरचा उपाय नाही. ती पत्र्याची थरथर कमी करते, आवाज शोषत नाही. वजन वाढवते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात मऊ होऊन कडेने सुटू लागते.

आता काम. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. या गाडीचं बॉनेट बिजागरीजवळची अडकण सोडवली की सरळ उभं राहतं. जोडीला माणूस घ्या आणि ते नीट अडकलंय याची खात्री करा. एअर फिल्टरचं तोंड, अल्टरनेटर आणि काचेखालची जाळी प्लास्टिकने बंद करा, बाकी इंजिनावर जुनी चादर. मास्क आणि चष्मा घाला, फोमवर पाण्याचा हलका फवारा मारा म्हणजे धूळ उडणार नाही. फोम हातानेच निघतो. चिवटपणा करतो तो खालचा गोंद.

इथे सगळे घाई करतात आणि नवं अस्तर पहिल्याच उन्हाळ्यात लोंबतं. नवा गोंद जुन्या गोंदाच्या थराला चिकटतो, आणि जुना थर पत्र्यावरून सुटला की दोन्ही एकत्र खाली येतात. म्हणून टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली फडकी त्यावर दाबून ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग प्लास्टिकच्या पुट्टीपट्टीने खरवडा. पुन्हा भिजवा, पुन्हा खरवडा. एक संध्याकाळ यातच जाईल, जाऊ द्या. लोखंडी ब्रश वापरू नका, त्याने रंग फाटतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. थिनर तर लांबच ठेवा. गाडीला कधी कारखान्याबाहेर, गॅरेजमध्ये रंग दिलेला असेल तर तो रंग उचलून येईल. पेट्रोलने पुसायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाच्या हातात गाडी देऊ नका. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, कारण टर्पेंटाइनचा तेलकट अंश राहिला तर कुठलाच गोंद धरत नाही. पत्रा उघडा पडला असेल तिथे गंज घासून प्रायमर द्या आणि पूर्ण वाळू द्या.

अस्तर कुठलं घ्यायचं? मूळ आकारात कापलेलं मिळत असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर तेच. नाहीतर एसीच्या डक्टला लावतात ती नायट्रिल रबरची शीट, वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल असलेली. साधारण १०० अंशांपर्यंत टिकते आणि बंद पेशींची (आतले बुडबुडे एकमेकांना न जोडलेले) असल्याने तेल-पाणी पीत नाही. मात्र त्यामुळेच आवाज मूळ फोमइतका शोषत नाही, हे मान्य करूनच घ्या. गादीचा फोम, थर्माकोल कदापि नको. फॉइलची कड बॅटरीच्या टर्मिनलला टेकणार नाही एवढी आत ठेवा आणि टर्मिनलवर टोपी घाला.

जाडी अंदाजाने ठरवू नका. एअर फिल्टरच्या डब्यावर आणि इंजिनाच्या उंच जागांवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे ठेवा, बॉनेट हळूच बंद करून उघडा. चेपलेल्या गोळ्याची उंची म्हणजे तुमच्याकडची जागा. अस्तर त्याहून निदान ५ मिलीमीटर पातळ हवं, कारण इंजिन त्याच्या रबरी आधारांवर (माउंटवर) हलतं. मग खाकी कागदाचा साचा काढा, मध्यरेषा आखा. बॉनेटच्या चौकटीतली पाणी निचऱ्याची भोकं झाकू नका.

गोंद घेताना डब्यावर उष्णतेची मर्यादा वाचा. छताच्या कापडाला वापरतात ते बरेचसे स्प्रे ७० अंशांच्या आसपास हार मानतात, आणि रहदारीतून येऊन इंजिन बंद केलं की पंख्याचा वारा थांबतो, बॉनेटखालची हवा आणखी तापते. १०० अंशांच्या वर लिहिलेला कॉन्टॅक्ट गोंद घ्या. पत्र्याला एक हात, अस्तराला दोन पातळ हात, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून आधी वरचा अर्धा भाग मध्यरेषेवरून लावा, मग खालचा. लाटण्याने मधून कडेकडे दाबत जा.

हे पावसाळ्यात करू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि गोंद वरून पांढरट होऊन पकडच घेत नाही. दसऱ्यानंतरची कोरडी हवा उत्तम, तोवर सुटे तुकडे काढून गाडी तशीच चालवा. लावल्यावर एक दिवस बॉनेट उघडंच राहू द्या, इंजिन चालू करू नका.

बॉनेट उभं असताना आणखी एक गोष्ट नक्की बघा. त्या काळच्या या इंजिनांच्या वायरिंग हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्याचं, आवरणही उष्णतेने तडकतं. इंजेक्टरजवळची एखादी वायर अलगद वाकवून बघा. आवरणाचे कपचे निघाले तर अस्तराचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी हार्नेस बदला. आतल्या आत शॉर्ट झाला तर इंजिनाचा कंट्रोल युनिटही जातो.