कडुनिंबाच्या वाळत्या शेंड्यांबद्दल

बाळ,

तुझं पत्र मिळालं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या वाटेवरचे कडुनिंब शेंड्याकडून वाळतायत, बुरशी वाढवायच्या तीन प्लेटांत तीन बुरश्या उगवल्या आणि डीएनएचा अहवाल म्हणतो लॅसिओडिप्लोडिया नावाची बुरशी, ९९ टक्के जुळणी. तर प्रबंधात हेच नाव घालू का, विचारतेस. नको. नाव घ्यायची घाई करू नकोस.

जुळणीवरून बुरशी कोणती ते कळतं, झाड तिनेच वाळवलं का ते कळत नाही. लॅसिओडिप्लोडिया निरोगी फांदीतही गुपचूप राहते आणि झाडाला पाण्याचा ताण पडला की पसरते. सोलापुरात झाडाला ताण नाही असं वर्ष सांग बरं! मेलेल्या बैलावर गिधाड बसलं म्हणून बैल गिधाडाने मारला म्हणशील का?

आणि तुकडा कुठून घेतलास ते लिहिलंच नाहीस. पार वाळलेल्या टोकातून घेतलास तर मेलेल्या लाकडावर जगणाऱ्या बुरश्याच मिळणार. साल खरवड, तपकिरी आणि हिरवं जिथे भेटतं तिथला तुकडा घे. कागदी पाकिटात आण. प्लास्टिकच्या पिशवीला उन्हात घाम सुटतो नि वाटेतच भलतं काही माजतं. मग एक टक्का हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात मिनिटभर, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवून प्लेटवर. लॅसिओडिप्लोडिया तीन-चार दिवसांत सगळी प्लेट व्यापते, तिच्याखाली हळू वाढणारी दडपते. कडुनिंबाच्या डायबॅकला, म्हणजे शेंड्याकडून वाळत येण्याच्या रोगाला, फोमॉप्सिस अझाडिरॅक्टी ही बुरशी कारण होते, ही जात १९९७ पासून नोंदलेली आहे. तिचे लंबगोल आणि केसासारखे बारीक, असे दोन तऱ्हेचे बीजाणू दिसतात का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंस का?

युरोपात अ‍ॅशची झाडं १९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये वाळू लागली. बुरशीला नाव मिळालं २००६ साली. पुढे तिची लैंगिक अवस्था, म्हणजे संयोगातून बीजाणू तयार करणारं तिचं रूप, एका जुन्या निरुपद्रवी जातीची ठरवली गेली आणि २०११ मध्ये डीएनएने दाखवलं, जात वेगळीच आहे. दिसायला दोघी सारख्या. जाणत्यांचं असं होतं, आणि तुला एका अहवालावर नाव घ्यायचंय?

निरोगी रोपांच्या सालीला जखम करून बुरशी लाव, शेजारच्या रोपांना बुरशी न वाढवलेलं नुसतं खाद्यमाध्यम लाव. रोपं वाळली आणि त्यातून तीच बुरशी परत निघाली, तर नाव घे. रोगाचं कारण सिद्ध करायचे हे कोखचे नियम जुने आहेत म्हणून टाकाऊ नाहीत.

याला वेळ लागतो, हे मला सांगू नकोस. माझे निबंध मोजकेच आहेत, बरोबरीचे बढती घेऊन पुढे गेले. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मी घेतलेलं एकही नाव मागे घ्यावं लागलेलं नाही, आणि हा हट्ट मी तुझ्यासाठी सोडणार नाही.

काजूवर येणारा ढेकण्या नावाचा रस शोषणारा किडा कडुनिंबाचेही कोवळे शेंडे शोषून वाळवतो. तो आहे का, सकाळी जाऊन बघ. शेंडे पावसाळ्यात वाळायला लागले की त्याआधीच, हे तिथल्या गुराख्यांना विचार. नव्या तुकड्यांचे फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून. मागच्या फोटोंत काही कळलं नाही.