वीस गुंठे विकून रॉस करायचं का?

खानापूर तालुक्यातून एका वडिलांनी विचारलंय. मुलगा 24 वर्षांचा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची झडप जन्मापासून दोनच पाकळ्यांची, आता आकसलीय. धातूच्या झडपेला साडेतीन लाख सांगितलेत, रॉसला साडेसहा. रॉसमध्ये रोग्याचीच फुप्फुसाकडची झडप महाधमनीत बसवतात आणि तिच्या जागी दात्याची लावतात. घरात 4 लाखांची एफडी, 8 तोळे सोनं. उरलेल्या पैशासाठी 20 गुंठे विकावेत का?

धातूच्या झडपेला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. रक्त किती पातळ आहे ते बघणारी आयएनआर तपासणी, गोळ्या, फी, बेळगावच्या खेपा मिळून वर्षाला 10 हजार धरा. फरकाचे 3 लाख 7 टक्क्यांनी ठेवले तर व्याजच 21 हजार होतं. तेव्हा गोळ्यांचा खर्च वाचेल म्हणून रॉस करू नका.

तरीही माझा कौल रॉसलाच, तो त्याच्या कामामुळे. लेथवरचा धातूचा तापला कीस बोटाला लागणं रोजचंच. गोळी चालू असली की ते रक्त लवकर थांबत नाही, आणि गोळी चुकली की झडपेवर गुठळी धरू शकते. या वयात लेथ सुटला तर जाणारी कमाई 3 लाखांहून कितीतरी जास्त आहे.

मात्र एका झडपेच्या दुखण्यात दोन झडपांना हात लागतो. दात्याची झडप पुढे कधीतरी बदलावी लागू शकते, त्यासाठी आतापासून महिन्याला हजार बाजूला टाका. सर्जनना थेट विचारा: आजवर किती रॉस केल्या? दात्याची झडप हाताशी आहे का? महाधमनीचं तोंड रुंद तर नाही ना? रुंद असेल तर बसवलेली झडप ताणून गळू लागू शकते.

जमिनीला हात लावू नका. सर्व्हे नंबरातला तुकडा विकायला 11ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा सरकारी मोजणी नकाशा, लागतो, त्यात दिवस जातात, आणि दवाखान्यासाठी विकताय हे कळलं की गिऱ्हाईक भाव पाडतं.

रेशन कार्ड बीपीएल असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. भरती होण्याआधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र घ्या आणि योजनेच्या पॅकेजमध्ये रॉस बसते का ते लेखी विचारा. पंतप्रधान मदत निधीचा अर्जही शस्त्रक्रियेआधीच करा. मेडिक्लेम आता काढून या ऑपरेशनला उपयोग नाही, जुन्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

मदत नाहीच मिळाली तर एफडी मोडा आणि सोन्यावर 3 लाख उचला: अडीच बिलाला, 50 हजार घरखर्चाला, कारण छातीचं हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने पगार नाही. 12 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 36 हजार. ऊसबिल आलं की पहिल्यांदा मुद्दल फेडा. नुसतं व्याज भरून कर्ज फिरवत राहिलात तर दागिने बँकेतच राहतील.