वापरलेला लॅपटॉप ऑनलाइन विकला, आता गिऱ्हाईक म्हणतंय चालूच होत नाही, परत घ्या. काय करू?

सगळ्यात आधी, पैसे लगेच परत करू नका आणि भांडायलाही जाऊ नका. बऱ्याचदा लॅपटॉप बिघडलेला नसतोच, बॅटरी पूर्ण उतरलेली असते नाहीतर पार्सलच्या आदळआपटीत रॅम सैल झालेली असते. त्याला शांतपणे विचारा की चार्जर लावल्यावर लाइट लागते का, पंखा फिरतो का, मग चार्जर काढून पॉवर बटण वीसेक सेकंद दाबून धरायला सांगा, परत चार्जर लावून बघायला सांगा आणि व्हिडिओ मागवा. हे सगळं साइटच्या चॅटमध्येच करा, फोनवरचं बोलणं उद्या तक्रार झाली तर दाखवणार कसं?

तरी परत करायचंच म्हणाला तर सरळ घ्या. तुम्ही 'नो रिटर्न' लिहिलं असलं तरी वस्तू वर्णनाप्रमाणे नाही असं त्याने टाकलं की मोठ्या साइट बहुतेक वेळा त्याचंच ऐकतात, वर तुम्ही मुदतीत उत्तर दिलं नाही तर रिफंड तुम्हाला न विचारता निघून जाऊ शकतो.

खरी काळजी पार्सल परत आल्यावर घ्यायची. माझ्याकडे एक लॅपटॉप परत आला होता, खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर तोच, बॉडीवरचा ओरखडा तोच, पण क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बघितलं तर एसएसडीचा, म्हणजे आतल्या स्टोरेजचा, सिरियल नंबर वेगळा आणि चाललेले तास कितीतरी जास्त. पाठवायच्या आधी त्याच स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता म्हणून साइटने माझं मान्य केलं, नाहीतर लोक आतले पार्ट बदलून घेतात आणि आपण नुसते बघत बसतो, फार राग येतो अशा वेळी. तुम्ही फोटो काढले नसतील तर जुनं बिल, जाहिरातीतले फोटो जे असेल ते शोधून ठेवा. पार्सल उघडताना लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ घ्या, मध्ये कट नको, लॅपटॉप चालू करून आतले पार्ट तपासा आणि मगच रिफंड.

आणि हो, चालू झाला असेल तर परत पाठवायच्या आधी त्याला त्याचं अकाउंट साइन आउट करायला आठवणीने सांगा. मॅकबुक असेल तर हे विसरूच नका, ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे त्याच्या ॲपल अकाउंटचं कुलूप, राहिलं तर त्याच्या पासवर्डशिवाय ते तुमच्या काही कामाचं नाही, आणि पैसे मिळाल्यावर तो मेसेजला उत्तर देईलच असं नाही.