बेटी नील्सच्या सगळ्या पुस्तकांत डच डॉक्टरच का असतो?

तुम्ही लिहिलंय की आत्याच्या कपाटात बेटी नील्सची तीसेक मिल्स अँड बून (त्या प्रकाशनाच्या इंग्लिश प्रेमकथा) सापडली, ही बाई कोण होती, जिकडे तिकडे डच डॉक्टरच का, आणि पुस्तकं रद्दीत द्यावीत का. शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते, प्लीज देऊ नका.

मी रिटायर्ड स्टाफ नर्स आहे. नाइट लागली की पर्समध्ये यांचं एक पुस्तक असायचंच, आमच्या गल्लीतल्या लायब्ररीतून आणलेलं. इंग्लिश तेव्हा अडखळत वाचायचे पण हॉस्पिटलचे शब्द सगळे ओळखीचे, त्यामुळे गाडी पुढे जायची. आणि काही पानांतच कळलं की ही बाई स्वतः वॉर्डात उभी राहिलेली आहे. खरंच होतं ते. बेटी नील्स ट्रेन्ड नर्स आणि मिडवाइफ होत्या, १९३९ ला युद्ध सुरू झाल्यावर आर्मी नर्सिंगमध्ये गेल्या, फ्रान्सला पाठवलं, तिथून जर्मन फौजांपुढे माघार घेऊन परत. पुढे नॉर्दर्न आयर्लंडला पोस्टिंग असताना तिथल्या हॉस्पिटलात एक आजारी डच खलाशी आला, त्याच्याशीच त्यांनी लग्न केलं. त्याची बोट बुडाली होती आणि घरचे समजून बसले होते की तो गेला. युद्ध संपल्यावर हा माणूस बायको आणि मुलीला घेऊन घरी उभा राहिला, विचार करा त्या घरात काय झालं असेल.

तर डच डॉक्टर इथून आला. त्या १३ वर्षं हॉलंडमध्ये राहिल्या, तिथेही नर्सिंग केलं. लोकांना वाटायचं की हिरो म्हणजे नवराच, पण त्या ठामपणे नाही म्हणायच्या, तिथे ज्या डॉक्टरांबरोबर काम केलं त्यातल्या बऱ्याच जणांचं मिळून तो बनलाय असं सांगायच्या. मला ते पटतं. दिवसरात्र ज्यांच्या राउंडला आपण मागे फाइल घेऊन उभ्या असतो त्यांची चाल, चिडणं, पेशंटशी बोलणं सगळं डोक्यात साठतच.

इंग्लंडला परतल्यावर नोकरी चालूच, रिटायर होईपर्यंत नाइट सुपरिंटेंडेंट झाल्या होत्या. मग एकदा गावच्या लायब्ररीत कोणी बाई कुरकुरत होती की चांगल्या प्रेमकथाच मिळत नाहीत, ते ऐकून घरी जाऊन लिहायला बसल्या. पहिलं पुस्तक १९६९ चं, 'सिस्टर पीटर्स इन अ‍ॅमस्टरडॅम', तेव्हा वय साठीला टेकलेलं. (आपल्याकडे सगळ्याच नर्सेसना सिस्टर म्हणतात, तिकडे सिस्टर म्हणजे वॉर्डची इन्चार्ज.) त्यानंतर बरेचदा वर्षाला चार चार करत एकूण १३४ पुस्तकं! लोक रिटायर होऊन आराम करतात त्या वयात.

गोष्ट बहुतेक तीच असते हे मान्य. धिप्पाड श्रीमंत डॉक्टर, महागडी गाडी, दिसायला साधीशी नर्स, एखादं रस्त्यावरून उचलून आणलेलं मांजर, आणि खरं चुंबन शेवटच्या पानावर. नव्वदच्या दशकातलं पुस्तकसुद्धा पन्नासच्या दशकातलं वाटतं. लग्न ठरलं की हिरॉइन बरेचदा नोकरी सोडते, ते मला तेव्हाही खटकायचं आणि आजही खटकतं, इतकं चांगलं काम करणारी मुलगी आणि एकदम घरी? पण पाय भरून आलेले असताना मिळालेला गरम चहा आणि टोस्ट या बाईसारखा कोणी लिहिलेला मी वाचला नाही. हिरॉइन दमलेली असते, खरी दमलेली, आणि कुणाचं तरी तिच्याकडे लक्ष जातं, तो तिला बसवतो, खायला देतो. पहाटे चारला वॉर्डात सगळे झोपलेले असताना मी ते वाचायचे आणि मला तेवढंच हवं असायचं.

त्या ७ जून २००१ ला हॉस्पिटलमध्येच गेल्या, वय ९१. मला पत्ताच नव्हता, जुनी पुस्तकं नव्या कव्हरमध्ये येत राहायची आणि मला वाटायचं बाई अजून लिहितायत. कित्येक वर्षांनी एका नाइटला नवीन कॉपी उघडली तर सुरुवातीच्या लेखिकेच्या माहितीत सगळं भूतकाळात लिहिलेलं. दोनदा वाचलं. मग ६ नंबरच्या आजींचं सलाइन संपत आलं होतं म्हणून उठले, बदललं, परत येऊन बसले आणि रडू आलं, कधी न भेटलेल्या बाईसाठी.

आत्याच्या पुस्तकांत एक बघा. लायब्ररीचं पुस्तक आधी वाचलंय की नाही ते कळावं म्हणून आम्ही बायका एखाद्या ठरलेल्या पानाच्या नंबरभोवती पेन्सिलीने गोल करायचो, माझं पान २७. त्या पुस्तकांतही असे गोल असतील. त्यातला आत्याचा कोणता ते त्यांना विचारा.